जुन्या हायब्रिडच्या डॅशबोर्डवरचे दिवे विझत नाहीत? या चुका टाळा

लाल त्रिकोण पेटतो, शेजारी चेक इंजिन, पाठोपाठ एबीएस आणि ब्रेकचा दिवा, आणि स्क्रीनवर ‘चेक हायब्रिड सिस्टीम’. दहा-बारा वर्षं वापरलेली कॅमरी हायब्रिड किंवा प्रियस अशा अवस्थेत गॅरेजला नेली की बहुतेक वेळा एकच निदान कानावर पडतं: “साहेब, बॅटरी गेली.” कधी ते खरंही असतं. पण मोटर चालवणारी मोठी बॅटरी हा संशयितांच्या यादीतला शेवटचा माणूस आहे. त्याला पहिल्याच दिवशी पकडलं की लाखाच्या घरातलं बिल होतं आणि आठवड्याने दिवा पुन्हा पेटतो.

कॅमरी हायब्रिड आपल्याकडे २०१३ पासून बिडदीच्या कारखान्यात जुळू लागली. त्या पिढीच्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत, म्हणजे कंपनीच्या सर्व्हिसिंगपासून लांब आणि नाक्यावरच्या गॅरेजच्या जवळ. गोंधळ सुरू होतो तो इथेच.

कोड वाचायच्या आधी उडवणं

सगळ्यात महागडी चूक हीच. बिघाड झाला की गाडी त्याचा क्रमांक म्हणजे कोड साठवते, तेव्हा त्या क्षणाची नोंदही सोबत ठेवते: वेग किती होता, मोठी बॅटरी किती भरलेली आणि किती तापलेली होती, इंजिन चालू होतं की बंद. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड उडवला की ही नोंदही जाते. दिवा दोन दिवस शांत बसतो, मग घाटात नेमका परत येतो, आणि तपास पहिल्यापासून. आधी स्कॅनरच्या सगळ्या पानांचे फोटो काढा, मग काय ते उडवा.

वापरलेली हायब्रिड घेणाऱ्यांनी याचीच दुसरी बाजू लक्षात ठेवावी. डॅशबोर्ड स्वच्छ दिसतोय, पण स्कॅनरमध्ये रेडीनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच करायच्या तपासण्या, ‘अपूर्ण’ दाखवतायत, तर कोड नुकतेच उडवलेत किंवा बॅटरी काढून लावलीय. विकणाऱ्याला कारण विचारा आणि शंभरेक किलोमीटर चालवून पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका.

स्वस्त स्कॅनरवर विसंबणं

हजार रुपयांचं ब्लूटूथ यंत्र साध्या अॅपसोबत लावलं की साधारण इंजिनचाच ईसीयू, म्हणजे नियंत्रण करणारा संगणक, वाचतं. हायब्रिडचा, मोठ्या बॅटरीचा आणि ब्रेकचा ईसीयू वेगळे असतात, आणि खरी बातमी तिथे असते. टोयोटाचं टेकस्ट्रीम हे तपासणीचं सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे. ते नसेल तर डॉक्टर प्रियस किंवा हायब्रिड असिस्टंट ही मोबाइल अॅप्स, बरा अडॅप्टर असेल तर, मोठ्या बॅटरीचे आकडे दाखवतात. पी३००० हा कोड दिसला म्हणून बॅटरी बदलणारे पाहिलेत. तो फक्त ‘बॅटरीच्या बाजूला काहीतरी आहे’ एवढंच सांगतो, नेमकं काय ते त्याच्यासोबतच्या कोडमध्ये शोधायचं.

डिकीतल्या छोट्या बॅटरीकडे दुर्लक्ष

इंजिन फिरवण्याचं काम हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी करते, म्हणून छोटी १२ व्होल्टची बॅटरी मरायला टेकली तरी स्टार्टर कण्हल्याचा आवाज येत नाही. ती फक्त संगणक जागे करते आणि मोठ्या बॅटरीचे रिले जोडते. व्होल्टेज घसरलं की हे संगणक गडबडतात आणि एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम टाकतात. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ च्या आसपास ठीक, १२.२ च्या खाली संशय, १२ च्या खाली ती गेली असंच समजा. मग गाडी रेडीला आणा, म्हणजे डॅशबोर्डवर ‘रेडी’ दिसेपर्यंत सुरू करा. आता १३.८ ते १४.५ दिसायला हवं, नाही तर चार्ज करणाऱ्या डीसी-डीसी कन्व्हर्टरकडे बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि सुरुवात इथूनच व्हावी.

बदलताना नाक्यावरची साधी अॅसिडची बॅटरी बसवू नका. ही बॅटरी डिकीत, म्हणजे माणसांच्याच हवेत असते, म्हणून ती एजीएम प्रकारची (अॅसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेली) आणि वायू बाहेर सोडणाऱ्या नळीची लागते. जम्पर लावताना अधिक-उणे उलटं झालं तर फ्यूज आणि नशीब वाईट असेल तर कन्व्हर्टरही जातो.

प्रत्येक दिव्याला वेगळा आजार समजणं

हायब्रिडमध्ये ब्रेक लावताना मोटर उलट वीज तयार करते. हायब्रिड बाजूला दोष आला की ही सोय बंद होते आणि ब्रेकचा ईसीयू सी१२५९ किंवा सी१३१० असे कोड टाकून आपले दिवे लावतो. त्याचं म्हणणं एवढंच की पलीकडे काहीतरी बिघडलंय. इथे चाकांचे सेन्सर बदलत बसणं म्हणजे शेजाऱ्याच्या घरात चोरी झाली म्हणून आपलं कुलूप बदलणं.

उलट, ब्रेकला हात न लावता दर काही सेकंदांनी पुढून पंप घरघरत असेल आणि सी१३९१ किंवा सी१२५६ दिसत असतील, तर ते दुखणं ब्रेकचं स्वतःचंच आहे. ब्रेकला दाब पुरवणाऱ्या अॅक्च्युएटरमधला दाब टिकत नाहीये. हे ‘बघू पुढच्या महिन्यात’ या खात्यात टाकायचं नाही.

पी०ए८० दिसला की बॅटरीची ऑर्डर

हा कोड थेट ‘बॅटरी बदला’ असाच आहे, त्यामुळे मोह होतो. तरी आधी पंखा बघा. मोठी बॅटरी केबिनमधली हवा ओढून थंड होते. मागच्या सीटच्या आसपासच्या त्या जाळीत पुण्या-मुंबईची धूळ, कुत्र्याचे केस, सीट कव्हरचे धागे अडकतात. वर कुणी जाळीलाच टेकून बॅग ठेवतं. बॅटरी उन्हाळ्यात तापते, दिवा एप्रिल-मेमध्ये पेटतो आणि पावसात आपोआप शांत होतो. असं चक्र दिसलं तर पंखा उघडून साफ करा.

नंतर आकडे. कॅमरीच्या त्या पिढीत मोठ्या बॅटरीचे ३४ सुटे भाग म्हणजे मॉड्यूल, दोन-दोन मिळून १७ ब्लॉक, सगळे मिळून २४४.८ व्होल्ट. गाडी जोरात पळवताना आणि ब्रेक लावताना सगळे ब्लॉक जवळपास बरोबरीने खाली-वर व्हायला हवेत. एखादाच ब्लॉक व्होल्टभराने मागे पडत असेल तर तो थकला, किंवा त्याच्या तांब्याच्या पट्टीवर हिरवा गंज चढून चुकीचं माप येतंय. गंज असेल तर सफाईनेही काम होतं. तेव्हा बॅटरीचे पैसे मोजण्याआधी गॅरेजकडे ब्लॉकचे आकडे मागा. ‘एकच मॉड्यूल बदलून देतो’ हा सौदा मला पटत नाही. बाकीची तितकीच म्हातारी असतात, काही महिन्यांत दुसरं जातं.

पी०ए९३ आला तर बॅटरीशी संबंधच नाही, तो बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणाऱ्या इन्व्हर्टरच्या थंडाव्याचा. गाडी रेडीला असताना इन्व्हर्टरच्या कूलंट टाकीत डोकावा. पाणी हलत नसेल तर पंप गेलाय. अमेरिकेत अजूनही धावणाऱ्या २००४-०९ च्या प्रियसमध्ये हा पंप इतका सतावत होता की टोयोटाने २०१२ मध्ये त्यासाठी गाड्या परत बोलावल्या.

एसीवाल्याला न सांगणं

याबद्दल फार कमी बोललं जातं. हायब्रिडचा एसी कॉम्प्रेसर पट्ट्यावर नाही, मोठ्या बॅटरीच्या विजेवर चालतो. त्यात एनडी-११ हे वीज न वाहणारं तेल लागतं. एसी गॅस भरताना नेहमीचं पॅग तेल गेलं की कॉम्प्रेसरमधून गाडीच्या पत्र्याकडे वीज झिरपू लागते आणि पी०एए६ येतो. त्यासोबतचा उपकोड जागा सांगतो: ६११ म्हणजे एसीची बाजू, ६१२ बॅटरीची, ६१३ गिअरबॉक्स-मोटरची. उपकोड न बघता महिनाभर भलतीकडेच शोध चालतो. पावसात डिकीत पाणी शिरलेली किंवा उंदरांनी वायर कुरतडलेली गाडीही हाच कोड देते. हा दिवा लागल्यावर गाडी चालते, पण बंद केली की पुन्हा रेडीला येईलच असं नाही. वाटेत चहाला थांबू नका.

तिसऱ्या पिढीच्या प्रियसवाल्यांसाठी एक: सकाळी सुरू होताना इंजिन थरथरतं आणि मिसफायरचा कोड येतो, तेव्हा प्लग-कॉइल बदलण्याआधी कूलंटची पातळी बघा. ती हळूहळू घटत असेल तर ईजीआर (धूर पुन्हा इंजिनात नेणारी वाट) तुंबून हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलेलं असण्याची शक्यता मोठी.

नारिंगी वायरींशी खेळ

नारिंगी वायरींतून मोठ्या बॅटरीची वीज वाहते. त्यांना हात लावणं हे घरगुती काम नाही. जाणकार माणूस मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढतो, तो स्वतःच्या खिशात ठेवतो, किमान दहा मिनिटं थांबतो आणि १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालतो. यातलं काही न करता झाकण उघडणाऱ्याकडे गाडी ठेवू नका. काम झाल्यावर गाडी रेडीलाच येत नसेल आणि पी०ए०डी दिसत असेल, तर घाबरण्याआधी त्या प्लगची दांडी शेवटपर्यंत खाली दाबून कुलूपबंद झालीय का, ते त्याच मेकॅनिककडून तपासून घ्या. बऱ्याचदा तेवढंच राहून गेलेलं असतं.