क्वाड्रंट तुटलाय? गॅस पेटवायच्या आधी एवढं जमवा

आमच्या पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या लेथचा क्वाड्रंट गेल्या आठवड्यात तुटला. आट्यांचं माप बदलणारे चेंज गिअर ज्या खाचेच्या आर्मवर बसतात, तो बिडाचा तुकडा. आटे पाडताना गिअरच्या दातांत बुरा अडकला आणि खाचेच्या मानेपाशी कट्‌दिशी दोन तुकडे झाले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न (ओतकामाच्या साच्यासाठीचा नमुना) करून नवा ओतून मिळेल, पण एका नगासाठी पॅटर्नचा खर्च कोण करणार? म्हणून जोडायचं ठरवलं.

सगळ्यात आधी चिपट्रे (लेथखाली बुरा पडतो तो ट्रे) झाडून बारीक कपच्यासुद्धा डबीत भरून ठेवा. तुटलेल्या तोंडांना कानस, ग्राइंडर काही लावू नका. बीड वाकत नाही, थेट तुटतं. म्हणून दोन्ही तुकडे फुटलेल्या कपासारखे एकमेकांत नेमके बसतात. हा बसणारा सांधाच तुमचं माप आहे. एकदा जोडासाठी व्ही (इंग्रजी V च्या आकाराची खाच) घासला की तो गेला, मग कुठलंही व्हर्निअर तो परत आणून देत नाही. तुकडा खरंच बिडाचा आहे का, हे न दिसणाऱ्या कोपऱ्यावर छिन्नी मारून बघा. बिडाचा चुरा पडतो, पोलादाची साल वळून निघते.

आता जिग, म्हणजे तुकडे जागच्या जागी धरून ठेवणारी बैठक. १२ मिमी जाडीची सपाट प्लेट घ्या, क्वाड्रंटच्या मोठ्या भोकाच्या मापाचा गोल तुकडा लेथवर वळवून तिच्यावर बसवा. (लेथच बंद असला तर शेजाऱ्याकडे जावं लागतं, चहा पिऊन यायचं.) खाचेत तिच्या रुंदीचा पट्टीचा तुकडा घाला. तुकडे जुळवून क्लॅम्प करा आणि तोंड प्लेटवर सपाट टेकतंय का ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी) तपासा. खाचेची लांबी अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी गिअर सरकवून घेता येतात, पण तोंड तिरकं झालं तर दात एका कडेवरच घासत राहतात. बोल्ट शोधताना लक्षात ठेवा, या जुन्या मशीनवर माप सुताचं असतं. चार सुती म्हणजे अर्धा इंच, व्हिटवर्थ (आट्यांचं जुनं इंग्रजी माप), इंचाला १२ आटे. त्या नटात एम-१२चा (१२ मिमीचा) बोल्ट नुसता डुगडुगतो.

मग धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात तुकडे तासभर ठेवून तेल काढा. वाळल्यावर मानेच्या आसपास रॉकेल लावा, पाच मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडूची पूड घासा. आत मुरलेलं रॉकेल पांढऱ्यावर काळसर रेघ होऊन वर येतं. आमच्या तुकड्यात अशी नखाएवढी एक रेघ निघाली. जिथे तडा संपतो तिथे ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर आच लागताच तो पुढे पळतो. काम संपलं की रॉकेलचा डबा बाहेर ठेवा. ब्रेक क्लीनरची क्लोरीनवाली फवारणी मात्र अजिबात नको, ज्वालेपाशी त्याचा विषारी वायू होतो.

साध्या वेल्डिंग रॉडने मी एकदा बिडाचा ब्रॅकेट जोडला होता. दिसायला सुरेख. गार होताना बारीक ‘टिक’ ऐकू आली आणि सांध्याच्या बाजूलाच नवा तडा. निकेल रॉडने जमतं, पण २५ मिमीहून छोटे टाके, प्रत्येक टाक्यावर हातोडीचे हलके ठोके आणि हात लावता येईपर्यंत थांबणं, एवढा धीर हवा. या कामाला मी पितळेचं ब्रेझिंगच (गॅसच्या ज्वालेने पितळ वितळवून सांधा भरणं) निवडतो. पितळ साधारण ९०० अंशांना वितळतं, बीड त्याच्या बऱ्याच वर. त्यामुळे मूळ धातू वितळत नाही.

जिग तयार झाल्यावरच व्ही घासा, दोन्ही बाजूंनी मिळून ९० अंशांचा. मध्ये २ मिमी मूळ तुटलेलं तोंड तसंच सोडा, तुकडे त्यावरच परत बसतात. शेवटचा हात कानशीचा. ग्राइंडरने बिडातलं ग्राफाइट तोंडावर माखलं जातं आणि पितळ त्यावर नीट धरत नाही.

उरलेलं: पितळी रॉड, टाकणखाराचा फ्लक्स, गॉगल, उघडी खिडकी (पितळातल्या जस्ताचा धूर ताप आणतो), ॲसिटिलीनची बाटली उभी, ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेलकट हात नाही. आणि तुकडा पूर्ण बुडेल एवढी कोरडी राख बादलीत. ब्रेझिंग झालं की तुकडा राखेत, रात्रभर. पाण्यात बुचकळायची घाई केली तर पुन्हा पहिल्यापासून.

परत बसवायला वर्तमानपत्राची एक पट्टी लागेल. ती दोन गिअरच्या मध्ये घालून दात दाबायचे आणि नट आवळायचा. कागद काढल्यावर राहते तेवढी फट पुरे. ती पट्टी आत्ताच कापून ड्रॉवरमध्ये टाका, नंतर तेलकट हातांनी शोधावी लागते.