शुगरवाल्यांच्या पायाची जखम: ड्रेसिंग कुठलं आणि कसं

आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो, सासूबाईंना शुगर, तळव्याची जखम चार महिने भरत नव्हती आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगायचा, उघडी ठेवा, वारा लागू दे, खपली धरेल. कृपा करून असं करू नका! १९६२ मध्येच जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांवर प्रयोग करून दाखवलंय की झाकलेली ओलसर जखम उघड्या जखमेपेक्षा लवकर भरते.

आधी डॉक्टर. पायाला रक्त नीट पोचतंय का, हाडापर्यंत इन्फेक्शन गेलंय का हे बघून मेलेली कातडी त्यांनीच काढायची, घरी ब्लेड लावायचं नाही. बोट काळं, कोरडं पडलं असेल तर मनाने ओलं ड्रेसिंग मुळीच नको.

मग जखमेचा ओलावा बघायचा. लस, म्हणजे जखमेतून झिरपणारं पाणी, खूप येत असेल तर अल्जिनेटचं ड्रेसिंग, हे समुद्री शेवाळापासून बनतं, लस शोषून त्याचं जेल होतं. पहिल्यांदा पट्टी उघडली तेव्हा तो पिवळट बुळबुळीत थर बघून मला वाटलं पू झाला, हातपायच गळाले, पण सलाईनने धुतल्यावर खाली छान लाल जखम होती, म्हणून आधी धुवा आणि मग ठरवा. कोरड्या जखमेला अल्जिनेट चिकटतं, तिथे हायड्रोजेल, म्हणजे ओलावा देणारं पाणीदार जेल. जखम स्वच्छ आहे पण अडून बसलीये तर डॉक्टर कोलॅजनचं (कातडीतच असणाऱ्या प्रोटीनचं) ड्रेसिंग देतात, कारण अशा जखमेत नवीन पेशीजाल खाणारी एन्झाइम्स वाढलेली असतात आणि ती कोलॅजनवर गुंततात. कायटोसान नावाचंही एक ड्रेसिंग असतं, ते तर चेंदणी कोळीवाड्यात आपण कोळंबी सोलून जी सालं टाकतो ना, तसल्याच सालांपासून काढतात, त्यामुळे कोळंबी-खेकड्याची अॅलर्जी असेल तर आधी सांगा.

लावताना हात साबणाने धुवा, जखम सलाईनने धुवा, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. अल्जिनेटची पट्टी जखमेच्याच मापाची कापा, चांगल्या कातडीवर आली तर ती पांढरी पडून भिजते. खोल जागेत हलकेच ठेवा, कोंबू नका. वरून गॉज, आणि टेपवर तारीख लिहा. किती दिवसांनी बदलायचं ते लस बघून डॉक्टरच सांगतील. जुनं चिकटलं तर ओढायचं नाही, सलाईनने भिजवून काढायचं.

आणि त्या पायावर भार नको, अगदी बाथरूमपर्यंतसुद्धा नाही, डॉक्टरांनी दिलेली चप्पल किंवा कास्ट (प्लास्टर) घालूनच चालायचं. पाय बधिर असल्यामुळे शुगरवाल्यांना दुखत नाही, म्हणून आपणच मागे लागायचं.

लाली पसरली, वास आला, सूज किंवा ताप आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल. दर रविवारी शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढा, ४ आठवड्यांत जखम निम्मी झाली नाही तर ते फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा आणि आता उपचारात काय बदलायचं ते स्पष्ट विचारा.