इंग्लिश इडियम्स आणि माझी फसलेली वही

नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. टीममधला एक परदेशी सहकारी कॉलवर म्हणाला, "रिलॅक्स, आय अ‍ॅम जस्ट पुलिंग युअर लेग." मी मनात म्हटलं बघा, तोंडावर सांगतोय की तुझे पाय ओढतोय! मराठीत पाय ओढणं म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणं, त्यामुळे दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. नंतर कळलं की बिचारा फक्त माझी फिरकी घेत होता. शब्द सगळे कळले होते, अर्थ मात्र भलताच लावला.

खरं तर परीक्षेसाठी मी दोनेकशे इडियम्स, म्हणजे इंग्लिश वाक्प्रचार, घोकले होते, डावीकडे इंग्लिश आणि उजवीकडे मराठी अर्थ, व्यवस्थित वही वगैरे. त्यातलं "रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज" एकदा हौसेने वापरलं तर समोरची बाई हसून म्हणाली, माझी आजी असं म्हणायची. पाठ्यपुस्तकांचं हे लाडकं वाक्य रोजच्या बोलण्यात फार कमी ऐकू येतं. आणि "किक द बकेट" म्हणजे मरणे एवढंच वहीत होतं, पण ते आपल्या "गचकला"सारखं आहे, सांत्वनाच्या मेलमध्ये चुकूनही लिहायचं नाही, हे कुठेच नव्हतं. शिवाय ते गोठलेलं असतं, म्हणजे वाक्य कर्मणी करून "द बकेट वॉज किक्ड" म्हटलं की मरण गायब आणि खरीखुरी बादली उरते. "स्पिल द बीन्स" म्हणजे गुपित फोडणे, ते मात्र कर्मणीतही चालतं. याला नियम शोधत बसू नका, ऐकून ऐकूनच बसतं.

ओळखीचे वाटणारे इडियम्स जास्त फसवतात असं माझं मत झालंय. "ओव्हर माय हेड" म्हणजे डोक्यावरून गेलं, "टू बर्ड्स विथ वन स्टोन" म्हणजे एका दगडात दोन पक्षी, हे फुकटात मिळतात. मग आपण निर्धास्त होतो आणि पाय ओढण्यासारखं एखादं आलं की आपटतो.

सगळ्यात मोठा घोळ "टेबल"चा. अमेरिकन क्लायंट म्हणाला, लेट्स टेबल धिस. मी ब्रिटिश अर्थ धरला, म्हणजे विषय चर्चेला घ्यायचा, आणि रात्रभर जागून प्रेझेंटेशन केलं. अमेरिकेत त्याचा अर्थ बरोब्बर उलटा, विषय तूर्त बाजूला ठेवायचा. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश-अमेरिकन बैठकीत याच शब्दावरून लांबलचक वाद झाल्याचं चर्चिलने लिहून ठेवलंय, ते वाचल्यावर मला जरा बरं वाटलं.

ऑफिसमधले बरेच इडियम्स खेळांतून आलेत. "बॉलपार्क फिगर" म्हणजे ढोबळ आकडा, बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान. "ऑन द बॅक फूट" आणि "स्टिकी विकेट" क्रिकेटमधले, ते आपल्याला सांगावे लागत नाहीत, पण अमेरिकन माणसाला सांगावे लागतात हे लक्षात ठेवा.

आता मी काय करते, तर इडियम एकटा लिहीत नाही. कोण कोणाला म्हणालं, कुठे म्हणालं आणि ते पूर्ण वाक्य, एवढं लिहिते. आठवड्याला चार-पाचच. मग ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या ऑनलाइन लर्नर्स डिक्शनरीत बघते, तिथे इन्फॉर्मल, ओल्ड-फॅशन्ड, ब्रिटिश, अमेरिकन असे शिक्के असतात, अर्थाआधी ते वाचते. स्वतः वापरायची घाई नाही, तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकल्याशिवाय मी वापरतच नाही. समजणं आधी, बोलणं नंतर. आणि "फॉल थ्रू" म्हणजे ठरलेलं फिसकटणं, "पुट अप विथ" म्हणजे खपवून घेणं, असली जोडक्रियापदं नटव्या इडियम्सपेक्षा कितीतरी जास्त कामाला येतात, आधी तीच उचला.

परवाची नोंद सांगते. मॅनेजर फोनवर म्हणाली, "ओके, आय विल लेट यू गो." माझ्या पोटात गोळाच आला, कारण "वी हॅव टु लेट यू गो" म्हणजे नोकरीवरून काढणं हे मला पक्कं माहीत होतं. ती फक्त फोन ठेवत होती.