ऑलमन ब्रदर्स बँडचा 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट': कोणती आवृत्ती घ्यावी?

आधी या अमेरिकन रॉक बँडच्या मार्च १९७१ च्या, न्यूयॉर्कमधल्या फिलमोर ईस्ट सभागृहातल्या मैफलींतून निर्माते टॉम डाउड यांनी तयार केलेला मूळ सात गाण्यांचा अल्बमच ऐका. 'रीमास्टर' म्हणजे वाद्यांच्या त्याच तयार मिश्रणाची (मिक्सची) पातळी आणि टोन नव्याने बसवणे. 'रीमिक्स'मध्ये प्रत्येक वाद्य वेगळं काढून पुन्हा जुळवतात. १९९२ चा 'द फिलमोर कॉन्सर्ट्स' हा रीमिक्स आहे, त्यामुळे गिटारचा तोल मूळ अल्बमशी जुळला नाही तर तो तुमच्या स्पीकरचा दोष समजू नका. २०१४ चा सहा सीडींचा संच मार्चचे चार शो आणि २७ जूनचा, सभागृह बंद होतानाचा निरोपाचा शो देतो. तेच गाणं वेगवेगळ्या शोमध्ये ऐकायचं असेल तरच तो घ्या. पहिली खरेदी म्हणून तो जड जातो.

दोन आवृत्त्या ताडून पाहताना आवाज समान करणं सर्वांत महत्त्वाचं. जास्त मोठी वाजणारी प्रत कानाला आपोआप चांगली वाटते आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. 'व्हिपिंग पोस्ट'ची सुरुवातीची बेस गिटार लावा, मोठ्या प्रतीचा आवाज अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने खाली आणा, मग ड्रमचे ठोके चपटे झालेत का ते ऐका. बँडचे दोन्ही ड्रमर वेगळे कळायलाच हवेत!

प्लेअरमध्ये 'गॅपलेस' (गाण्यांमध्ये खंड न पडू देणारी सोय) चालू आणि 'क्रॉसफेड' (एक गाणं विरत असतानाच दुसरं चढवणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर गाण्यांमधल्या टाळ्या तुटतात. त्याच मैफलींतला 'माउंटन जॅम' मात्र १९७२ च्या 'ईट अ पीच'वर शोधा. एलपीवर तो दोन बाजूंत विभागलाय, सीडीवर सलग मिळतो.