वारा कुठला, पाणी कुठे? वेगाच्या शाब्दिक उदाहरणांत या चुका टाळा

खाडीकाठच्या मुलांना प्रवाह वेगळा समजवावा लागत नाही. ओहोटीला होडी खाडीच्या तोंडाकडे सोडली की वल्ही कमी मारावी लागतात, हे त्यांच्या हातांनाच ठाऊक असतं. तरी दहावीच्या बीजगणितात ‘प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने’ हे शब्द आले की तीच मुलं अडखळतात. वह्या तपासताना दिसणाऱ्या बहुतेक चुका आकडेमोडीच्या नसतात. समीकरण मांडण्याआधीच त्या झालेल्या असतात.

सगळ्यात चिवट समजूत ही: जाताना पाण्याने जेवढं दिलं तेवढंच येताना घेतलं, म्हणजे हिशेब फिटला. फिटत नाही. संथ पाण्यात होडीचा वेग ताशी १० किमी आणि प्रवाहाचा ताशी २ किमी धरा. १२ किमी जाताना वेग १२, वेळ १ तास. परतताना वेग ८, वेळ दीड तास. एकूण अडीच तास. पाणी संथ असतं तर २४ किमीला २ तास २४ मिनिटं पुरली असती. ही ६ मिनिटं का वाढली? कारण होडी मंद वेगात जास्त वेळ राहिली. म्हणून सरासरी वेग १२ आणि ८ यांच्या मधोमध, म्हणजे १०, येत नाही. २४ ला २.५ ने भागून ९.६ येतो. प्रवाह मिळवायचा किंवा वजा करायचा तो वेगात, वेळेत कधीच नाही.

वाऱ्याच्या उदाहरणात घोटाळा नावाचा असतो. ‘पश्चिमेचा वारा’ म्हणजे पश्चिमेकडून येणारा. तो वाहतो पूर्वेकडे. आपले पावसाळी नैऋत्य वारेही नैऋत्येकडून येतात. ताशी ३०० किमी वेगाचं विमान पश्चिमेकडे निघालं आणि पश्चिमेचा वारा ताशी ४० किमी असला, तर वेग २६०. इथे ३४० लिहिणारी मुलं हुशार असतात, फक्त ‘पश्चिम’ हा शब्द दोनदा दिसला म्हणून फसतात. आधी दोन बाण काढा, मग चिन्ह ठरवा. आणि हा नियम विमानाला लागू आहे, कारण ते वाऱ्यातच तरंगत असतं. होडी पाण्यात असते. ताशी २० किमीचा वारा सुटला म्हणून तिचा वेग २० ने वाढत नाही.

आता नेहमीचं उदाहरण. एक होडी प्रवाहाच्या दिशेने २४ किमी आणि विरुद्ध दिशेने १६ किमी मिळून ४ तास घेते. तसंच ३६ आणि ८ किमीलाही ४ तासच. होडीचा संथ पाण्यातील वेग क्ष, प्रवाहाचा य. १/(क्ष+य) ला म आणि १/(क्ष−य) ला न माना:

२४म + १६न = ४
३६म + ८न = ४

सोडवल्यावर म = १/१२, न = १/८. इथे बरेच जण थांबतात आणि ‘वेग १/१२’ लिहून मोकळे होतात. म हा वेग नाही, १ किमीला लागणारा वेळ आहे. उलटा केला की क्ष+य = १२, क्ष−य = ८. अजूनही उत्तर आलेलं नाही, कारण १२ आणि ८ हे त्या त्या दिशेचे वेग. बेरीज-वजाबाकी करून क्ष = १०, य = २. य जर क्ष पेक्षा मोठा आला, तर होडी प्रवाहाविरुद्ध पुढे सरकणारच नाही; मांडणी परत तपासा.

१ तास २० मिनिटं म्हणजे १.२ तास नव्हे, ४/३ तास. एवढ्यावरून हातातले गुण जातात.

कोकणातल्या मुलांची एक अडचण मात्र पुस्तकाला ठाऊक नसते. आपल्या खाडीत पाणी साधारण सहा तासांनी दिशा बदलतं. ओहोटीबरोबर जाऊन भरतीबरोबर परत आलं, तर दोन्ही वेळा प्रवाह सोबतच. परीक्षेतली नदी अशी वागत नाही. तिथे प्रवाह शेवटपर्यंत एकाच दिशेने, एकाच वेगाने धरायचा. आणि दाभोळ-धोपावे फेरीबोट डोळ्यांसमोर आणू नका. ती खाडी आडवी ओलांडते, तिथे क्ष+य किंवा क्ष−य यांपैकी काहीच चालत नाही. डोळ्यांसमोर आणायचीच असेल, तर वाशिष्ठीतून सरळ वर चिपळूणकडे निघालेली होडी आणा.