युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूर: तयारीची यादी, माणसागणिक

मुंबईहून रात्रीच्या विमानाने निघालेलं कुटुंब सकाळी सिंगापूरला उतरतं. हॉटेलची खोली दुपारी मिळणार असते, मग सकाळ वाया कशाला घालवायची म्हणून बरेच जण पहिलाच दिवस सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओज या थीम पार्कला देतात. कृपा करून असं करू नका. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं आणि रात्रीची झोप झालेली नसते. अशा अंगाने दिवसभर उभं राहणं मुलांनाही जड जातं आणि आजी-आजोबांनाही. दुसरा किंवा तिसरा दिवस ठरवा, शक्यतो शनिवार-रविवार सोडून. मे महिन्याच्या शेवटापासून जूनभर तिथल्या शाळांना सुट्टी असते, त्यामुळे आपल्या उन्हाळी सुट्टीत जायचं तर मेचा पहिला पंधरवडा बरा. तिकीट काढण्याआधी कॅलेंडरात चतुर्थी-एकादशीही बघून घ्या. उपवास धरून त्या दमट हवेत दिवसभर चालणं सोपं नाही.

आता यादी. ती वस्तूंची करण्याआधी माणसांची करा, कारण बॅगेत काय हवं हे बरोबर कोण आहे यावर ठरतं.

मुलांची उंची घरीच मोजा. चप्पल काढून, पाठ भिंतीला टेकवून, पेन्सिलीची खूण करून. राइडवर बसायला किमान उंची लागते: बॅटलस्टार गॅलॅक्टिका या रोलर कोस्टरला १२५ सेंटिमीटर, रिव्हेंज ऑफ द ममीला १२२, जुरासिक पार्कच्या पाण्यातल्या सफरीला १०७ आणि ट्रान्सफॉर्मर्सला १०२. आम्ही हे मोजलं नव्हतं. आठ वर्षांची भाची रांगेच्या तोंडाशी पट्टीखाली उभी राहिली आणि चार बोटं कमी भरली. नियम तिच्याच सुरक्षिततेसाठी होता, पण महिनाभर ज्याची वाट पाहिली ते असं दारात हुकल्यावर तिचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. घरी मोजलं असतं तर तिला आधीच सांगता आलं असतं आणि ट्रान्सफॉर्मर्सवर ती दोनदा खुशीत बसली असती. उंची ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असलेल्या मुलांसोबत मोठं माणूस बसावं लागतं, तेव्हा कोण कोणाबरोबर बसणार हेही घरीच ठरवा. मुलांचं तिकीट ४ ते १२ वर्षांसाठी असतं. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

गॅलॅक्टिकाचे दोन रूळ आहेत. लाल रुळावर नेहमीसारखं बसायचं, निळ्यावर पाय अधांतरी लोंबतात आणि गाडी उलटी होते. पाठीचं, मानेचं किंवा रक्तदाबाचं दुखणं असेल, पोटात बाळ असेल, तर या राइड यादीतूनच काढून टाका. तिथे गेल्यावर कोणी आग्रह केला तरी ठरवलेलं मोडू नका. चष्मा, मोबाइल, पाकीट असलं काहीही घेऊन अशा राइडवर बसता येत नाही. जवळच्या लॉकरमध्ये सामान ठेवावं लागतं आणि ठरावीक वेळेनंतर त्याचे पैसे लागतात. म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर बॅग नको, चौघांत एक छोटी सॅक पुरते.

गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर चाकाची खुर्ची भाड्याने मिळते. ती घेण्यात संकोच करू नका. आमच्या आईने आधी नकोच म्हटलं आणि दुपारनंतर तीच तिला सुखाची वाटली. थोरांसाठी वॉटरवर्ल्डचा खेळ राखून ठेवा. तिथे पुढच्या रांगांवर मुद्दाम पाणी उडवतात, तेव्हा त्यांना मागे बसवा.

पाणी हा तर वेगळाच विषय. जुरासिकच्या होडीत कपडे बुडापर्यंत भिजतात. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही, अंगाला घासते. पातळ, पटकन वाळणारी पॅन्ट, पायात मागून पट्टा असलेले सँडल आणि प्रत्येकी एक कोरडा जोड एवढं हवंच. दुकानात मिळतो तो पातळ रेनकोट घरूनच न्या. दुपारी पाऊस आला की छत्रीपेक्षा तोच कामाचा. विजा चमकू लागल्या की गॅलॅक्टिका, होडी अशा उघड्यावरच्या राइड थांबवतात. म्हणून आत शिरल्यावर आकाश मोकळं असेल तोवर बाहेरच्या करून घ्या. ट्रान्सफॉर्मर्स आणि ममी छताखाली आहेत, त्या पावसासाठी ठेवा. थंडगार वातानुकूलित जागेत ओल्या अंगाने बसावं लागतं, तेव्हा एखादी ओढणी बरोबर असलेली बरी. पाण्याची रिकामी बाटली न्या, सिंगापुरात नळाचं पाणी पिता येतं. इलेक्ट्रॉलची दोन पाकिटं, नेहमीची औषधं आणि त्यांची चिठ्ठी सॅकमध्ये टाका.

जेवणाचं नीट ऐका. बाहेरचे डबे आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाचं खाणं चालतं. शाकाहारी माणसांनी सकाळी लिटल इंडिया या शहरातल्या भारतीय वस्तीत पोटभर इडली-डोसा खाऊनच निघावं. सेरंगून रोडवरचं कोमला विलास १९४७ पासूनचं शाकाहारी हॉटेल आहे. आत हलाल अशी पाटी दिसली म्हणजे शाकाहारी असं समजू नका. मांस, अंडं, मासे आणि माशाचा सॉस, चारही गोष्टी नको असं एकेक नाव घेऊन सांगा.

लिटल इंडियात किंवा फॅरर पार्कला मुक्कामाला असाल तर जांभळ्या मेट्रोने न बदलता शेवटच्या हार्बरफ्रंट स्टेशनला पोचता. मेट्रोत पाणीसुद्धा प्यायचं नाही, दंड होतो. वर विवोसिटी मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्सप्रेस सुटते. जाताना ४ सिंगापूर डॉलर, येताना फुकट. पहिल्याच रिसॉर्ट्स वर्ल्ड थांब्यावर उतरायचं.

व्हिसा आधीच झालेला असेल. अरायव्हल कार्ड मात्र उतरण्याआधी तीन दिवसांत सरकारी साइटवर भरायचं असतं. ते मोफत आहे, पैसे मागणाऱ्या साइटपासून दूर राहा. बँकेच्या कार्डावर परदेशातले व्यवहार सुरू करून घ्या. तिथले प्लग तीन चौकोनी पिनांचे असतात, तसा अडॅप्टर घेऊन पॉवर बँक आदल्या रात्री भरून ठेवा.

आणि त्याच रात्री कागदाच्या चिठ्ठीवर हॉटेलचं नाव आणि आई-बाबांचे नंबर, पुढे +९१ घालून, लिहा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून प्रत्येक मुलाच्या खिशात घाला. आत शिरल्या शिरल्या तळ्याकाठची एक जागा ठरवा आणि चुकामूक झाली तर इथेच थांबायचं, म्हणून ती मुलांना बोटाने दाखवा.