एलईडी पट्टी टोकाला तांबूस पडते? दोन्ही टोकांना सप्लाय द्या

गणपतीच्या आराशीत पाच मीटरची डब्ल्यूएस२८१२बी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येणारी) पट्टी पांढरी लावली की अलीकडे शुभ्र, मखराच्या पलीकडे तांबूस दिसते. पट्टी बदलू नका. व्होल्टेज वाटेत उतरतं आणि निळा-हिरवा रंग आधी मंदावतो, एवढंच.

१. ५ व्होल्टच्या एकाच सप्लायमधून १.५ चौरस मिमी वायरच्या दोन जोड्या काढा. एक सुरुवातीला, दुसरी शेवटी. प्लस-मायनस नीट पाहून जोडा.
२. अर्डुइनोकडून (प्रोग्रॅमने दिवे चालवणारा छोटा बोर्ड) येणारी डेटाची वायर मात्र एकाच टोकाला, पट्टीवरच्या बाणाच्या दिशेने. या वायरमध्ये ३३० ओहमचा रेझिस्टर.
३. अर्डुइनोचा ग्राउंड (मायनस) सप्लायच्या ग्राउंडला जोडा. बहुतेक जण हेच विसरतात, मग दिवे वाटेल तसे लुकलुकतात.

मीटरला ६० दिवे असले तर ३०० दिवे पूर्ण पांढऱ्यावर १८ अँपिअरपर्यंत ओढतात. प्रोग्रॅममध्ये ब्राइटनेस २५५ (कमाल) ऐवजी ८० ठेवा. १० अँपिअरचा सप्लाय पुरतो, आणि मूर्तीवर तोच उजेड जास्त शोभतो.

अर्डुइनो बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनवरून पट्टी कधीही चालवू नका, बोर्ड जळेल. बेळगाव-खानापूरकडे भाद्रपदातही पाऊस असतो. सप्लाय मंडपात जमिनीवर न ठेवता उंच, कोरड्या जागी बसवा.